संगणकाचा पाठ : फाईल कोणी उघडावी?



विंडोज १० या प्रणालीस कंपनीकडून मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या निमित्ताने आपल्यापैकी पुष्कळांनी जुना संगणक बाजूस ठेवून नवा घेतला. मुलांनी किंवा नातवंडांनी जुन्यातील सामान नव्यात भरून दिले, आणि मग घरोघरी एकच तक्रार ऐकू येऊ लागली : "जुन्यावर उघडत होती ती फाईल नव्यावर उघडत नाही." सबब या वेळचा पाठ आम्ही याच विषयास दिला आहे. पाठ वाचताना शक्यतो संगणक समोर असावा. ज्यांस घाई असेल त्यांनी निदान एक गोष्ट मनात धरावी : न उघडणारी फाईल नष्ट झालेलीच असते असे नाही, म्हणून ती घाईने पुसू नये.

हे आम्ही एवढ्या कळकळीने का सांगतो, ते पुढील हकीकतीवरून ध्यानात येईल.

एक हकीकत

न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात आमच्या परिचयाच्या एक वयोवृद्ध बाई राहतात. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर सुमारे दहा वर्षे रोज सकाळी संगणकावर मराठीतून लिहिले. पेणकडचे बालपण, मुंबईच्या गोदीतील नोकरी, अमेरिकेतील पहिले हिवाळे, घराण्याची वंशावळ, वाडवडिलांच्या कबरी कोणकोणत्या गावी आहेत त्याची यादी, इतकेच काय, आपल्या आईच्या हातच्या मलिद्याचे प्रमाणसुद्धा त्यांनी लिहून ठेवले होते. मात्र कागदावर एक पानही काढलेले नव्हते. पुढे यजमान वारले. जुना संगणक थकला, पुतण्याने नवा आणून दिला व सर्व फाईली त्यावर नेल्या.

एके रात्री बाईंचा फोन आला. "भाऊ, ह्यांचं लिहिलेलं सगळं गेलं हो! नुसते आकडे दिसतात. मराठी अक्षर एक नाही त्यात. पुतण्या म्हणतो, काकी, फाईली खराब झाल्या, उगाच जागा अडवतात, काढून टाकू."

"काढू नका," आम्ही म्हटले. "रविवारी येतो."

रविवारी आम्ही जाऊन पाहिले. पडद्यावर सर्वांत वर एक महिरपी कंस, त्यापुढे उलटी तिरकी रेघ, त्यापुढे आर, टी, एफ ही इंग्रजी अक्षरे, आणि खाली पानभर तशाच उलट्या रेघा व आकडे. त्यात एके ठिकाणी २३१० व लगेच २३१२ असे दोन आकडे होते. आम्ही एका कागदावर तक्ता मांडला. जगातील सर्व लिपींच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक दिलेले आहेत. त्या पद्धतीस युनिकोड म्हणतात. त्यात 'अ' चा क्रमांक २३०९, 'आ' चा २३१०, 'इ' चा २३११ आणि 'ई' चा २३१२ आहे.

बाईंनी तक्त्यावर बोट ठेवून पाहिले व म्हणाल्या, "म्हणजे इथं 'आई' लिहिलंय?"

"होय. 'आई' लिहिलंय."

अक्षरे सगळी जागच्या जागी होती. फक्त ती वाचून दाखविणारा प्रोग्रॅम चुकीचा नेमला गेला होता. तो कसा नेमला जातो आणि कसा बदलावा, हाच आजचा पाठ होय.

१. फाईलचे नाव आणि तिचे शेपूट

प्रत्येक फाईलच्या नावाच्या शेवटी एक टिंब व त्यापुढे बहुधा तीन किंवा चार इंग्रजी अक्षरे असतात. इंग्रजीत त्यास एक्स्टेन्शन म्हणतात. आपण या पाठात त्यास शेपूट म्हणू. पत्राच्या फाईलीस डॉक किंवा डॉक्स, छायाचित्रास जेपीजी, छापील पानासारख्या फाईलीस पीडीएफ, आवाजाच्या फाईलीस एमपी-३, अशी ही शेपटे असतात. आपल्या बाईंच्या फाईलींचे शेपूट आरटीएफ हे होते.

ही पद्धत पूर्वी डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकन कंपनीच्या मोठ्या यंत्रांवर होती. १९७४ साली कॅलिफोर्नियातील गॅरी किल्डॉल यांनी लहान संगणकांसाठी सीपी-एम ही प्रणाली तयार केली, तीत नावास आठ अक्षरे व शेपटास तीन अक्षरे असा नियम होता. १९८१ साली आयबीएमचा घरगुती संगणक बाजारात आला, त्यावरील डॉस प्रणालीने तोच नियम उचलला. १९९५ च्या विंडोज ९५ पासून लांब नावे देता येऊ लागली, तरी शेपूट मात्र राहिले. ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशवर निराळी युक्ती केली होती. तेथे फाईल कोणत्या जातीची व कोणत्या प्रोग्रॅमने बनविलेली, याच्या चार-चार अक्षरी खुणा नावाबाहेर लपवून ठेवलेल्या असत. पुढे मॅकवरही शेपटाची चाल रूढ झाली.

आपल्या लोकांस हे समजावणे सोपे आहे, कारण आपल्या आडनावांसही असेच शेपूट आहे. पेणकर म्हटले की घराणे मूळ पेणचे, रोहेकर म्हटले की रोह्याचे, हे ऐकणाऱ्यास कळते. परंतु उद्या पेणकरांनी दारावरच्या पाटीवर रोहेकर असे लिहिले म्हणून त्यांचे घराणे रोह्याचे होत नाही. तद्वतच फाईलचे शेपूट खोडून दुसरे लिहिल्याने आतील मजकूर बदलत नाही. पुष्कळ मंडळी येथे चूक करतात. छायाचित्र उघडत नाही म्हणून नावातील शेपूट पुसून जेपीजी असे लिहितात, आणि मग मूळचे शेपूट काय होते तेही विसरतात. तसे करू नये. फाईलची जात खरोखर बदलावयाची असल्यास ती योग्य प्रोग्रॅमने उघडून 'सेव्ह ॲज' किंवा 'एक्स्पोर्ट' या आज्ञेने दुसऱ्या जातीची नवी प्रत काढावी. मूळ प्रत तशीच ठेवावी.

फाईलची खरी ओळख आत असते. पीडीएफ फाईलच्या आरंभी टक्क्याची खूण व पीडीएफ ही अक्षरे असतात. आरटीएफच्या आरंभी आम्ही वर वर्णिलेला महिरपी कंस असतो. झिप नावाच्या गाठोड्यांच्या आरंभी पी व के ही अक्षरे असतात. ही पद्धत काढणारे फिल कॅट्झ यांच्या नावाची ती आद्याक्षरे होत. वर्डची डॉक्स फाईल हीदेखील आतून झिपचेच गाठोडे असते. म्हणून एखाद्या फाईलचे शेपूट गळून पडले असेल तर नोटपॅडमध्ये उघडून पहिली अक्षरे पाहता येतात. मात्र पाहून झाल्यावर ती तेथे सेव्ह करू नये, नाहीतर फाईल खरोखरच बिघडू शकते.

२. नेमणुकीची वही

आपण फाईलवर दोनदा क्लिक करतो तेव्हा संगणक आतील मजकूर पाहत बसत नाही. तो शेपूट पाहतो आणि आपल्या वहीत शोधतो की या शेपटासाठी कोणास नेमले आहे. विंडोजमध्ये या वहीस रजिस्ट्री असेच म्हणतात. नेमलेल्या प्रोग्रॅमला डिफॉल्ट म्हणतात. वहीत नाव सापडले तर त्या प्रोग्रॅमला हाक मारली जाते. न सापडले तर संगणक आपणांस विचारतो, "ही फाईल कशाने उघडू?" या प्रश्नाचे उत्तर आपण घाईने देतो, आणि तेथेच घोटाळा होतो.

बाईंच्या घरी झाले ते असे. यजमान वर्डपॅड या प्रोग्रॅममध्ये लिहीत. हा प्रोग्रॅम विंडोज ९५ बरोबर आला आणि पुढे सुमारे तीस वर्षे प्रत्येक विंडोजबरोबर मिळत असे. तो मागे घेणार असल्याचे मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केले, आणि २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून तो नाहीसा झाला. जुन्या संगणकाच्या वहीत आरटीएफपुढे वर्डपॅडचे नाव होते. नव्याच्या वहीत ती जागा रिकामी होती. संगणकाने विचारले, पुतण्याने यादीतील ओळखीचे नाव पाहून नोटपॅड निवडले, आणि 'ऑलवेज', म्हणजे 'नेहमी', हे बटण दाबले. नोटपॅडला फक्त साधा मजकूर कळतो. आरटीएफमधील खुणांचा अर्थ लावून त्याची अक्षरे करणे त्यास येत नाही, म्हणून त्याने आत जे आहे ते जसेच्या तसे दाखविले. त्या एका क्लिकमुळे सगळ्याच फाईली आकड्यांच्या झाल्याचा भास झाला. पुतण्याची निष्काळजी म्हणावी असेही नाही. त्यास मराठी वाचता येत नाही, तेव्हा आकडे काय आणि अक्षरे काय, त्यास सारखीच.

३. नेमणूक कशी बदलावी

विंडोज ११ वर पुढीलप्रमाणे करावे.

पहिली पायरी : शेपटे दिसू द्यावीत. विंडोज ती सहसा लपवून ठेवते. फाईलींची खिडकी उघडून वरील 'व्ह्यू' मध्ये जावे, तेथून 'शो' मध्ये, आणि 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' यापुढे खूण करावी.

दुसरी पायरी : न उघडणाऱ्या फाईलीवर माऊसचे उजवे बटण दाबावे. 'ओपन विथ' निवडावे, त्यातून 'चूज अनदर ॲप' निवडावे. प्रोग्रॅमची यादी येईल.

तिसरी पायरी : योग्य वाटणारा प्रोग्रॅम निवडून प्रथम 'जस्ट वन्स', म्हणजे 'एकदाच', हे बटण दाबावे. फाईल नीट उघडली तर परत तेच करून या खेपेस 'ऑलवेज' दाबावे. नवा नोकर आधी एक दिवस कामावर ठेवून पाहावा आणि मग कायम करावा, तसाच हा प्रकार आहे.

एकदम पुष्कळ नेमणुका तपासावयाच्या असतील तर 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'डिफॉल्ट ॲप्स' असे जावे. तेथे वरच्या चौकटीत टिंब देऊन शेपूट लिहिले की सध्या कोण नेमलेला आहे ते दिसते, व त्यावर क्लिक करून तो बदलता येतो.

मॅकवर फाईलीवर एकदा क्लिक करून 'फाईल' या यादीतून 'गेट इन्फो' उघडावे. तेथे 'ओपन विथ' खाली प्रोग्रॅम निवडावा आणि 'चेंज ऑल' हे बटण दाबावे. 'चेंज ऑल' न दाबल्यास बदल त्या एकाच फाईलीपुरता राहतो. मॅकवरील टेक्स्टएडिट हा प्रोग्रॅम आरटीएफ फाईली सहज उघडतो.

नातवंडांनी आयफोनवरून पाठविलेली छायाचित्रे विंडोजवर उघडत नाहीत, ही तक्रारही फार आहे. २०१७ पासून आयफोन कमी जागा लागावी म्हणून एचईआयसी नावाच्या जातीत छायाचित्रे ठेवतो. अशी छायाचित्रे पाहण्यासाठी विंडोजला एक छोटी जोड बसवावी लागते, किंवा पाठविणाऱ्याने आयफोनच्या कॅमेरा-सेटिंगमध्ये 'फॉरमॅट्स' खाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडावे, म्हणजे यापुढील छायाचित्रे जेपीजी होतात. नातवास फोन करावयास हे एक निमित्तही होईल.

४. सावधगिरी

कोणती फाईल कोण उघडतो हे जाणणे सुरक्षिततेसाठीही आवश्यक आहे. मे २००० मध्ये फिलिपीन्समधून निघालेल्या एका ईमेलने जगभर हाहाकार उडविला. विषय होता 'आय लव्ह यू', आणि सोबतच्या फाईलीच्या नावास दोन शेपटे होती : आधी टीएक्सटी आणि शेवटी व्हीबीएस. विंडोजने सवयीप्रमाणे शेवटचे शेपूट लपविले, त्यामुळे लोकांस ते साधे पत्र वाटले. वास्तविक व्हीबीएस म्हणजे आज्ञांची फाईल. तिच्यावर दोनदा क्लिक करताच नेमलेल्या प्रोग्रॅमने त्या आज्ञा पाळल्या. पत्त्यांच्या यादीतील सर्वांना तेच पत्र गेले आणि संगणकावरील छायाचित्रांच्या फाईली नष्ट झाल्या. म्हणून शेपटे दिसू द्यावीत, आणि ज्या नावास दोन शेपटे दिसतील ती फाईल ओळखीच्या माणसाकडून आली असली तरी आधी त्यास फोन करून विचारावे. ईएक्सई, व्हीबीएस, जेएस अशी शेपटे पत्रांची किंवा छायाचित्रांची नसतात.

दुसरी गोष्ट. नेमणुकीस किंमत असते, हे कंपन्या आपल्याहून चांगले जाणतात. वॉशिंग्टन येथील न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलविरुद्ध निकाल दिला. त्या खटल्यात असे बाहेर आले की, आपले शोधयंत्र इतरांच्या फोनवर व ब्राउझरमध्ये आधीपासून नेमलेले असावे यासाठी गूगलने २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम दिली. तेथे प्रश्न शोधयंत्राचा होता, फाईलींचा नव्हता. परंतु तत्त्व एकच. एकदा नेमलेले बहुतेक लोक बदलत नाहीत. तेव्हा एखादा नवा प्रोग्रॅम बसविताना "मला नेहमीसाठी नेमता का?" असे विचारले गेले तर वाचल्यावाचून होय म्हणू नये.

५. मराठी फाईलींविषयी विशेष

काही जुन्या मराठी फाईली योग्य प्रोग्रॅमने उघडूनही इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दाखवितात. त्याचे कारण निराळे आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली, आणि विंडोजवर देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. त्यापूर्वी, आणि छापखान्यांत त्यानंतरही बरीच वर्षे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसविलेले टंक वापरीत. पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी ही त्यांतील एक प्रसिद्ध व्यवस्था. अशा फाईलीस तोच टंक मिळाल्याशिवाय ती वाचता येत नाही. येथे नेमणूक बदलून उपयोग नाही. टंकाचे नाव शोधावे, आणि तोवर फाईल जपून ठेवावी.

ज्यांनी मराठीत काही लिहून ठेवले आहे त्यांनी त्याची एक प्रत मूळ जातीत ठेवावी आणि दुसरी पीडीएफमध्ये काढावी. पीडीएफ हा १९९३ मध्ये ॲडोबी कंपनीने काढलेला प्रकार २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक झाला आहे, आणि तो वाचणारे प्रोग्रॅम आज जवळजवळ प्रत्येक संगणकावर व फोनवर असतात. शिवाय महत्त्वाची पाने कागदावर छापून घ्यावीत. कागदास नेमणूक लागत नाही.

हकीकतीचा शेवट

त्या रविवारी आम्ही बाईंच्या संगणकावर लिब्रेऑफिस हा विनामूल्य प्रोग्रॅम बसविला. एका फाईलीवर उजवे बटण, 'ओपन विथ', लिब्रेऑफिस रायटर, 'जस्ट वन्स'. पान उघडले. मराठीत, परिच्छेद पाडून, यजमानांनी ठेवले होते तसे. मग 'ऑलवेज' दाबण्यास आम्ही बाईंनाच सांगितले. त्यांनी दाबले, आणि शंभरावर फाईली एका क्षणात परत मराठी झाल्या.

पुतण्या शेजारी उभा होता. तो इंग्रजीत म्हणाला की आपण या पुसणारच होतो. बाई त्यास काही बोलल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिले पान मोठ्याने वाचावयास सुरुवात केली, आणि दर दोन ओळींनी थांबून त्यास इंग्रजीत अर्थ सांगू लागल्या. आम्ही निघालो तेव्हा त्या गोदीच्या नोकरीपर्यंत आल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात सर्व पाने छापून झाली. आता पुतण्या दर रविवारी येतो, व काकांच्या यादीवरून कोकणातील कबरींची ठिकाणे नकाशावर मांडीत आहे.

अभ्यासासाठी

१. आपल्या संगणकावर शेपटे दिसतात काय? नसल्यास दिसू द्यावीत.

२. आरटीएफ, पीडीएफ व जेपीजी या तिघांसाठी आपल्या वहीत कोण नेमलेला आहे, ते 'डिफॉल्ट ॲप्स' मध्ये पाहून कागदावर लिहून ठेवावे. संगणक बदलताना हा कागद उपयोगी पडेल.

३. घरातील एक जुनी मराठी फाईल शोधून उघडून पाहावी. उघडली तर तिची पीडीएफ प्रत काढावी. न उघडली तर पुसू नये. ती घेऊन पुढच्या बैठकीस यावे, आपण मिळून पाहू.